रायोलाइट : बाटल्यांच्या भिंती आणि उशिरा बांधलेली शाळा

[दृश्य : उघडं वाळवंट. तीन मजली इमारतीच्या उरलेल्या भिंती, खिडक्यांच्या चौकटींतून आभाळ.]

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, डेथ व्हॅलीच्या पूर्वेला, रायोलाइट नावाचं शहर होतं. या भिंती तिथल्या कुक बँकेच्या. आत संगमरवरी जिना होता, तळघरात टपाल कार्यालय. बँक 1908 मध्ये उभी राहिली आणि 1910 मध्ये बंद पडली.

1904 च्या उन्हाळ्यात शॉर्टी हॅरिस आणि एड क्रॉस या दोन शोधकांना इथल्या टेकड्यांत सोनं असलेला हिरवट दगड सापडला. बातमी पसरली आणि माणसं धावली. आधी तंबू पडले, मग लाकडी खोल्या उभ्या राहिल्या.

सोन्याच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. आपण इथं घरं बघू. वाळवंटात संसार मांडायचा, तर पहिली अडचण पाण्याची. सुरुवातीला पाणी पिंपांत भरून गाड्यांवरून यायचं आणि विकत घ्यावं लागायचं. आंघोळ, धुणं, स्वयंपाक सगळं त्या मोजक्या पाण्यात. पुढं आसपासच्या झऱ्यांपासून नळ टाकले, तेव्हा कुठं बायाबापड्यांना उसंत मिळाली असेल.

[दृश्य : बाटल्यांची भिंत, अगदी जवळून. काचेत ऊन.]

दुसरी अडचण लाकडाची. इथं उगवणारी जोशुआची झाडं बांधकामाच्या कामाची नाहीत. फळ्या आणायच्या तर लांबून, महागात. रिकाम्या बाटल्या मात्र हव्या तितक्या, कारण दारूचे गुत्ते भरपूर. टॉम केली या म्हाताऱ्या खाणकामगारानं 1906 मध्ये त्या गोळा केल्या, आडव्या रचल्या, मातीच्या गाऱ्यात बसवल्या आणि घर बांधलं. 30 ते 50 हजार बाटल्या असाव्यात, असा अंदाज आहे. सोडत काढून त्यानं ते घर दुसऱ्याला दिलं. मला विचाराल, तर या शहरातली सगळ्यांत हुशार इमारत हीच. बँकेच्या काही भिंतीच उरल्या, हे घर मात्र अजून उभं आहे.

1906 च्या डिसेंबरात रेल्वे आली. 1907 पर्यंत वीज, टेलिफोन, वर्तमानपत्रं, इस्पितळ, नाट्यगृह, शेअर बाजारसुद्धा. वस्ती साडेतीन ते पाच हजारांच्या घरात गेली. यातले सगळे काही सोन्याच्या मागे लागलेले नव्हते. कुणी पाव भाजत होतं, कुणी कपडे शिवत होतं, कुणी दुकानाचा हिशेब लिहीत होतं. आणि लेकरं शाळेत जात होती.

[दृश्य : शाळेच्या भिंती, छप्पर नाही.]

या शाळेपाशी थोडं थांबू या. मुलं वाढली, जुनी जागा पुरेना, म्हणून लोकांनी ही पक्की, मोठी शाळा बांधली. ती पूर्ण झाली 1909 मध्ये. तोवर वारं फिरलं होतं. 1907 च्या आर्थिक संकटात भांडवल आटलं. मुख्य खाण माँटगोमेरी शोशोनी. उद्योगपती चार्ल्स श्वाब यांनी ती 1906 मध्ये विकत घेतली होती. 1908 मध्ये भागधारकांनी बाहेरचा अभियंता बोलावला. खाणीची किंमत फुगवलेली आहे, असं त्यानं सांगितलं. शेअर कोसळले, कुटुंबं निघून गेली. वर्गांतल्या जागा कधी पूर्ण भरल्याच नाहीत. ज्यांनी ही शाळा बांधली, त्यांना इथं राहायचं होतं. चार दिवसांची कमाई करून पळणारी माणसं इतकी भक्कम शाळा बांधत नाहीत.

1911 मध्ये खाण बंद झाली. 1916 मध्ये वीज तोडली. 1920 साली इथं 14 माणसं उरली होती.

[दृश्य : बेटी गावातला रस्ता.]

घरं मात्र सगळी जागेवर पडून राहिली नाहीत. सहा-सात किलोमीटरवरच्या बेटी गावात लोकांनी ती उचलून नेली. दोन खोल्यांची घरं एकमेकांना जोडून मोठी घरं केली. खाणकामगार संघाचं सभागृह तिथं नगरभवन झालं. आणि बेटीत शाळा बांधायची वेळ आली, तेव्हा बरंच सामान रायोलाइटच्याच इमारतींचं वापरलं.