साखळीचे दुसरे टोक

सभ्य श्रोतेहो,

आजच्या विषयाच्या शीर्षकात ‘प्राणी नियंत्रण’ असा शब्दप्रयोग आहे आणि त्याबद्दल माझी सुरुवातीलाच थोडी तक्रार आहे. पाळीव प्राण्यांविषयीचे कुठल्याही नगरपालिकेचे उपविधी, म्हणजे तिने केलेले स्थानिक नियम, काढून वाचा. त्यात कुत्र्याला किंवा मांजराला उद्देशून एकही वाक्य सापडणार नाही. परवाना मालकाने काढायचा, लस मालकाने टोचून आणायची, साखळी मालकाने धरायची आणि दंडही त्यानेच भरायचा. कुत्र्याला वाचता येत नाही हे उपविधी लिहिणाऱ्यांना ठाऊक असते. ज्यांना वाचता येते त्यांनीही ते वाचलेले नसतात, ही खरी अडचण आहे. म्हणून साखळीच्या एका टोकाला असलेल्या जनावराविषयी मी आज कमी बोलणार आहे आणि तिचे दुसरे टोक ज्या हातात असते त्या हाताविषयी अधिक.

मी व्यवसायाने पशुवैद्य. एका संध्याकाळी दोन तरुण रस्त्यात सापडलेला एक कुत्रा घेऊन माझ्या दवाखान्यात आले. गळ्यात चांगला चामड्याचा पट्टा, अंगावर तुकतुकी, नखे नीट कापलेली. कुणाच्या तरी घरचा लाडका कुत्रा, हे सांगायला पशुवैद्य लागत नव्हता. पट्ट्याला बिल्ला मात्र नव्हता. मायक्रोचिप वाचायचे यंत्र मी त्याच्या मानेवरून फिरवले, तर काहीच लागले नाही. ही चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते. ती दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली टोचतात, पण काही जनावरांत ती हळूहळू जागेवरून सरकते. म्हणून यंत्र घाईने न फिरवता खांद्यांवरून, छातीच्या दोन्ही अंगांनी, पुढच्या पायांपर्यंत सावकाश न्यावे लागते. डाव्या खांद्याच्या बऱ्याच खाली यंत्र वाजले आणि पडद्यावर पंधरा आकडी क्रमांक उमटला. तिघांचेही चेहरे खुलले. त्या क्रमांकावरून मालकाचा फोन नंबर मिळाला, आम्ही तो लावला आणि हा नंबर वापरात नाही असे उत्तर आले. पिल्लू घरी आले त्या दिवशी केलेली नोंद तशीच राहिली होती. नंबर बदलला, कदाचित घरही बदलले असेल, पण ते नोंदणीत कळवायचे कुणाला सुचले नव्हते.

चिप म्हणजे कुत्रा कुठे आहे हे दाखवणारे उपकरण, असा पुष्कळांचा समज असतो. तिच्यात बॅटरी नसते. वाचणारे यंत्र जवळ आले की त्याच्या लहरींवर ती क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते, बस्स. त्या क्रमांकामागे एक माणूस उभा करणे हे काम नोंदणीचे असते, आणि ती ताजी ठेवण्याची जबाबदारी मालकाची असते. इंग्लंडमध्ये एप्रिल 2016 पासून कुत्र्यांना आणि जून 2024 पासून मांजरांना चिप सक्तीची झाली. त्या नियमातही नुसती चिप टोचून भागत नाही, नोंदीतला तपशील अद्ययावत ठेवणे हे कायदेशीर बंधन आहे. मला हा त्या नियमाचा सर्वांत शहाणा भाग वाटतो.

नोंदणीचा इतिहास मात्र फारसा शहाणपणाचा नाही. ब्रिटनने 1796 मध्ये कुत्र्यांवर कर बसवला तो मुख्यतः तिजोरी भरण्यासाठी. पुढे त्याचा परवाना झाला, त्याचे शुल्क नाममात्र होत गेले, पुष्कळांनी तो काढणेच सोडले आणि 1987 मध्ये तो रद्द झाला. लोकांना ज्या कागदाच्या बदल्यात काहीच मिळत नाही, तो कागद लोक काढत नाहीत, यात त्यांना दोष देण्यासारखे मला काही दिसत नाही. याच्या उलट उदाहरण कॅनडातील कॅलगरी शहराचे. त्या शहराने 2006 मध्ये जो उपविधी केला त्याचे नावच ‘जबाबदार प्राणिपालन’ असे ठेवले. त्यात कुत्र्यांबरोबर मांजरांचाही परवाना आला, आणि परवान्याच्या बदल्यात एक साधी सोय मिळाली: परवाना असलेला कुत्रा सुटून रस्त्यावर सापडला, तर कर्मचारी त्याला कोंडवाड्यात न नेता गाडीत घालून थेट घरी सोडू शकतो. ज्या मालकाचा कुत्रा असा दारात आणून सोडला गेला आहे, त्याला पुढच्या वर्षी नूतनीकरणाची आठवण करून द्यावी लागत नसणार. शिवाय परवान्याचे पैसे प्राण्यांच्याच कामाला लागतात हे लोकांना दिसते, तेव्हा तो कर वाटत नाही.

आता रेबीजकडे वळतो, कारण प्राण्यांविषयीच्या स्थानिक नियमांचे मूळ बहुतांशी इथेच आहे. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे 99 टक्के प्रकरणांत तो कुत्र्याकडून आलेला असतो. जगभरात दरवर्षी अंदाजे 59,000 माणसे त्याने मरतात, आणि एकदा लक्षणे दिसू लागली की या रोगावर औषध नाही. लुई पाश्चर यांनी 6 जुलै 1885 रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस दिली, ही गोष्ट शाळेत सगळेच शिकतात. परंतु एका देशाने कुत्र्यांची लस हाताशी नसताना, केवळ नियमांच्या बळावर रेबीज हद्दपार केला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये कुत्र्यांना मुसके घालण्याचा आदेश काढण्याचा अधिकार स्थानिक संस्थांकडे होता. परिणाम असा की एका परगण्यात मुसके सक्तीचे आणि वेशीपलीकडच्या परगण्यात कुत्री मोकळी. पिसाळलेल्या कुत्र्याला वेस कळत नाही, त्यामुळे रोग एकीकडे दबला की दुसरीकडून येई. 1897 मध्ये कृषी मंडळाचे अध्यक्ष वॉल्टर लाँग यांनी हा कारभार आपल्या हाती घेऊन बाधित टापूंत सलग आदेश लागू केले आणि त्याच वर्षी बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांवर विलगीकरणाचे बंधन घातले. श्वानप्रेमींनी लाँग यांच्यावर टीकेची झोड उठवली. 1902 मध्ये देश रेबीजमुक्त झाला. पुढे 1918 मध्ये रोग पुन्हा उद्भवला. पहिल्या महायुद्धावरून परतणाऱ्यांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो आला असे मानले जाते, आणि तो निपटायला 1922 उजाडले. एखाद्याने प्रेमापोटी मोडलेला नियमसुद्धा किती महाग पडतो, हे सांगताना मला नेहमी हेच उदाहरण आठवते.

आज आपल्या हाताशी लस आहे, त्यामुळे मुसक्यांवर सगळी भिस्त ठेवण्याचे कारण नाही. एखाद्या भागातील किमान 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. इथे एक बारकावा आहे. कुत्र्यांचे आयुष्य तोकडे आणि वीण मोठी; जुनी मरतात, नवी पिल्ले येतात आणि गेल्या वर्षीचे 70 टक्के यंदा 70 राहत नाहीत. म्हणून मोहीम वारंवार घ्यावी लागते. कुत्री मारून टाकण्याचा उपाय याच कारणाने फसतो: मेलेल्यांत लस घेतलेलीही असतात, त्यांच्या जागी बिनलशीची पिल्ले येतात, आणि प्रशासनाच्या खात्यावर मोठी कारवाई जमा होत असताना संरक्षण मात्र कमी झालेले असते.

चावा घेतलेल्या कुत्र्याला दहा दिवस बांधून निरीक्षणाखाली ठेवण्याचा नियम अनेक ठिकाणी आहे आणि मालकांना तो शिक्षेसारखा वाटतो. त्यामागचे कारण असे: कुत्र्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू उतरतो तो लक्षणे दिसण्याच्या थोडेच दिवस आधी, आणि लक्षणे दिसल्यावर ते जनावर लवकरच मरते. त्यामुळे चावल्यानंतर दहा दिवस कुत्रा धडधाकट राहिला, तर चावतेवेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे खात्रीने म्हणता येते. याचा अर्थ माणसाने दहा दिवस थांबावे असा मुळीच नाही. जखम लगेच साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा. निरीक्षणाचा उपयोग पुढचे उपचार ठरवण्यासाठी होतो. पण निरीक्षणाला कुत्रा सापडायला हवा, आणि सापडलेल्या कुत्र्याचा मालक पुढे यायला हवा. ‘आमचा नव्हे तो’ असे म्हणून दार लावून घेणारा मालक शेजाऱ्याच्या मुलाच्या जिवाशी खेळत असतो. या एका वाक्यासाठी मी कितीही कडक दंडाच्या बाजूने उभा राहीन.

विष्ठा उचलण्याच्या नियमाबद्दल थोडक्यात. न्यूयॉर्कमध्ये 1978 च्या ऑगस्टमध्ये हा कायदा लागू झाला तेव्हा तो हास्यास्पद ठरवणारे पुष्कळ होते. प्रश्न केवळ बुटाला घाण लागण्याचा नाही. कुत्र्याच्या आतड्यातील गोल जंताची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, पण ती लगेच बाधक नसतात. मातीत साधारण दोन ते चार आठवडे राहिल्यावर ती रोग पसरवण्याजोगी होतात आणि पुढे वर्षानुवर्षे टिकू शकतात. त्या मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात ती गेली, तर डोळ्यापर्यंत इजा होऊ शकते. विष्ठा आजच उचलली तर या अंड्यांचा धोका टळतो. न उचललेली विष्ठा महिन्याभराने दिसेनाशी होते आणि धोका मात्र तिथेच राहतो.

साखळीच्या आणि चाव्याच्या नियमांबाबत माझे मत जरा ठाम आहे. एखाद्या हल्ल्याची बातमी आली की अमुक जातीवर बंदी घाला, अशी मागणी होते आणि ती मान्य करणे प्रशासनाला सोपे जाते. ब्रिटनने 1991 मध्ये पिट बुल टेरियर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो यांच्यावर बंदी घातली. जीवघेणे हल्ले होत राहिले, आणि 2023 च्या अखेरीस एक्सएल बुली हा पाचवा प्रकार यादीत घालावा लागला. शिवाय तिथे पिट बुल ठरतो तो आईबापांवरून ठरत नाही, तर डोके, छाती, पाय यांच्या ठेवणीवरून ठरतो. म्हणजे एकाच विणीतले एक पिल्लू बंदीत आणि दुसरे बाहेर, असे घडू शकते. नेदरलँड्सने 1993 मध्ये घातलेली अशी बंदी 2008 मध्ये मागे घेण्याचे ठरवले, कारण चावे कमी झालेले दिसत नव्हते.

मोठ्या कुत्र्याचा चावा जास्त घातक असतो, हे मी नाकारत नाही. पण बहुतेक चावे ओळखीच्या, घरातल्या किंवा शेजारच्या कुत्र्यांचे असतात, आणि त्यांच्या आधी बहुधा इशारा मिळालेला असतो. कुत्रा एकाएकी ताठ होतो, शेपूट हलवायचे थांबतो, मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवतो, नुसतेच ओठ चाटतो. गुरगुरणे ही त्याची शेवटची विनवणी असते, आणि गुरगुरल्याबद्दल त्याला मारणारे मालक त्याला न सांगता चावायला शिकवतात. माझ्या टेबलावर आलेल्या अनेक ‘खुनशी’ कुत्र्यांच्या मानेवर मला गोल टक्कल दिसले आहे. दिवसभर आखूड साखळीने फाटकाशी बांधून ठेवलेल्या कुत्र्याच्या मानेवरचे केस असेच झडतात. चांगला उपविधी जात विचारत नाही, वर्तन विचारतो. अंगावर धावून गेला तर ताकीद आणि साखळीची सक्ती, चावला तर बाहेर नेताना मुसके आणि घराला पक्के कुंपण, पुन्हा गंभीर इजा केली तर त्याहून कडक उपाय, अशा पायऱ्या त्यात असतात. त्या चढताना प्रत्येक वेळी नोंद लागते, म्हणजे परवाना लागतोच.

भुंकण्याविषयी आणि एका घरात किती प्राणी असावेत याविषयीही नियम असतात. त्यातल्या संख्येच्या नियमाचे मला फारसे कौतुक नाही. नीट सांभाळलेली पाच मांजरे शेजाऱ्यांना कळतही नाहीत, आणि गच्चीवर एकटा कोंडलेला एक कुत्रा अख्ख्या इमारतीची झोप मोडतो.

निर्बीजीकरणाचे गणित मात्र समजून घ्यायला हवे. मांजर चौथ्या-पाचव्या महिन्यात गाभण राहू शकते आणि साधारण नऊ आठवड्यांत विते. ‘अजून लहान आहे’ म्हणेपर्यंत टोपलीत पिल्ले आलेली असतात. म्हणून निर्बीजीकरण केलेल्या प्राण्याचा परवाना स्वस्त ठेवण्याची पद्धत अनेक शहरांत आहे, आणि दंडापेक्षा ती अधिक लागू पडते असे मला वाटते. मांजर घरातच किंवा कुंपणाच्या आतच ठेवण्याचा नियमही आता काही शहरांत आला आहे. ऑस्ट्रेलियातील कॅनबरा परिसरात 1 जुलै 2022 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मांजरांना तो लागू आहे, आणि त्यामागे तिथल्या पक्ष्यांचा आणि लहान वन्य प्राण्यांचा विचार आहे. जुन्या मांजरांना त्यातून वगळले, हे मला विशेष आवडले. दहा वर्षे मोकळ्या फिरलेल्या बोक्याला एका सकाळी कोंडून घालता येत नाही.

शेवटचा मुद्दा प्राणी सोडून देण्याचा. तो सर्वत्र गुन्हा मानला जावा, याबद्दल दुमत नसावे. परंतु निव्वळ गुन्हा ठरवून भागत नाही. आजारपण, घर सुटणे, कमाई थांबणे अशा कारणांनी ज्याला प्राणी सांभाळणे अशक्य होते, त्याला तो रीतसर, अपमान न होता सोपवता येईल असे एक दार नियमांत हवे. ते दार नसेल तर पट्टा आणि बिल्ला काढून रात्री कुत्रा दूरवर नेऊन सोडला जातो. माझ्याकडे आलेल्या त्या कुत्र्याला बिल्ला का नव्हता, हे मला अजून माहीत नाही. तो कोंडवाड्यात पाठवला गेला, ठरलेल्या मुदतीत त्याला न्यायला कुणी आले नाही, आणि मुदत संपल्यावर त्याला घेऊन आलेल्या दोघांपैकीच एकाने तो ठेवून घेतला. कागद पुरे करताना त्याने चिपच्या नोंदीत आपले नाव आणि नंबर घातला, आणि गेल्या वर्षी नंबर बदलल्यावर तो दवाखान्यात आला, तेव्हा पहिली विचारणा त्याने ती नोंद कुठे बदलायची याची केली.