पुसायचं काय, ठेवायचं काय

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर फांदीवरच्या पक्ष्याचा अस्पष्ट फोटो. माउसचा बाण फाइलवर जातो, तपशिलांची खिडकी उघडते.]

निवेदन:

हा फोटो हललाय. का हललाय, ते फाइलचे तपशील उघडले की कळतं. फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्स दूरचं किती जवळ ओढते ते, २०० मिलिमीटर. शटर १/३० सेकंद. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, ४००. हातात धरलेल्या २०० मिलिमीटरच्या लेन्सला १/३० फार संथ झालं. आयएसओ ३२०० ठेवला असता, तर त्याच उजेडात १/२५० मिळालं असतं. थोडे दाणे दिसले असते, पण पक्षी स्पष्ट आला असता.

आता त्याच खिडकीत जरा खाली या. कॅमेऱ्याच्या बॉडीचा सिरियल नंबर. मालकाचं नाव. अक्षांश, रेखांश. पक्षी घराच्या गच्चीवरून टिपला असेल, तर हा घराचा पत्ताच झाला.

फोटोग्राफी क्लबातलं शिकणं-शिकवणं वरच्या ओळींवर चालतं आणि सभासदाची खासगी माहिती खालच्या ओळींतून बाहेर जाते. दोन्ही एकाच फाइलमध्ये. म्हणून ‘सगळा मेटाडेटा, म्हणजे फाइलमधल्या या नोंदी, पुसून टाका’ हा सरसकट सल्ला क्लबच्या उपयोगाचा नाही. शटर, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं ते) आणि आयएसओ पुसलेल्या फोटोवर शिकवणारा फक्त अंदाज बांधू शकतो.

[दृश्य: कॅमेऱ्याचा मेनू, बोट एकेक पर्याय खाली सरकवतं.]

या नोंदींचा साचा म्हणजे एक्झिफ. तो १९९५ साली जपानमध्ये ठरला. २०१०च्या २.३ आवृत्तीत मालकाचं नाव, बॉडीचा आणि लेन्सचा सिरियल नंबर यांनाही त्यात अधिकृत जागा मिळाली. जीपीएसची नोंद काय करू शकते, ते २०१२ साली जगाने पाहिलं. पोलीस शोधत असलेले अँटीव्हायरस उद्योजक जॉन मॅकॅफी यांचा फोटो एका प्रकाशनाने इंटरनेटवर टाकला. फोटो आयफोनवर काढलेला होता, स्थानाची नोंद आत तशीच राहिली होती, आणि ते ग्वाटेमालात आहेत हे उघड झालं.

‘माझ्या कॅमेऱ्यात जीपीएस नाहीच,’ असं बरेच सभासद सांगतात. ते खरंही असतं. पण निकॉनचं स्नॅपब्रिज किंवा कॅननचं कॅमेरा कनेक्ट ही अ‍ॅप फोनचं स्थान ब्लूटूथवरून कॅमेऱ्याला पुरवू शकतात. ती सोय चालू राहिली, तर जीपीएस नसलेला कॅमेराही अक्षांश-रेखांश लिहितो. म्हणून कॅमेऱ्याचा मेनू तपासून थांबू नका, फोनमधल्या अ‍ॅपचीही सेटिंग बघा.

[दृश्य: एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली, दुसऱ्या नावामागे जोडलेला शब्द.]

पुसण्याचं काम मूळ फाइलवर कधीच करू नये. मूळ रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने लिहिलेली कच्ची फाइल, जशीच्या तशी ठेवायची आणि बाहेर देण्याची जेपीईजी वेगळी काढायची. लाइटरूम क्लासिक या फोटो संपादनाच्या प्रोग्राममध्ये एक्सपोर्ट करताना स्थानाची माहिती काढण्याचा चौकोन असतो, तो खुणावला की अक्षांश-रेखांश जातात आणि शटर, आयएसओ अशा एक्सपोजरच्या नोंदी राहतात. सिरियल नंबर मात्र राहू शकतो. कॅमेऱ्याची सगळी माहिती वगळणारा पर्याय निवडलात, तर शटर-अ‍ॅपर्चरही जातं. नेमक्या नोंदी निवडून काढायला एक्झिफटूल हा मोफत प्रोग्राम चांगला. त्यात मालकाचं नाव, सिरियल नंबर, जीपीएस आणि मेकर नोट्स एवढंच काढायचं. मेकर नोट्स म्हणजे कंपनीने स्वतःच्या पद्धतीने लिहिलेला भाग. सिरियल नंबर पुष्कळदा तिथेही पुन्हा नोंदलेला असतो.

इथे एक ठेच हमखास लागते. एक्झिफटूल बदल करण्याआधी जुन्या फाइलची प्रत त्याच फोल्डरमध्ये ठेवतो, नावाच्या शेवटी ‘ओरिजिनल’ जोडून. एखाद्याने आख्खा फोल्डर उचलून क्लबच्या ड्राइव्हवर चढवला, की पुसलेल्या फोटोंसोबत न पुसलेलेही गेले.

दुसरी फसगत छोट्या प्रतिमेची. जेपीईजीच्या आत बहुधा १६० बाय १२० पिक्सेलचा लघुफोटो असतो. काही जुने प्रोग्राम फोटो कापल्यावर तो बदलत नाहीत. मुख्य फोटोतून चेहरा कापलेला, लघुफोटोत मात्र दिसतोय, असं होतं. त्यामुळे कापलेली फाइल नव्याने एक्सपोर्ट करून एकदा तपासावी. आणि फोटोतला फोन नंबर झाकायचा असेल, तर शंभर टक्के अपारदर्शक काळा चौकोन. अर्धपारदर्शक ब्रशखालचे आकडे ब्राइटनेस वाढवला की वर येतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं, की एक्झिफ गळून पडतं. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला, की सगळं शाबूत पोचतं. ‘क्वालिटी जाते, डॉक्युमेंटच पाठवा,’ अशी सूचना करणाऱ्या संयोजकाला हे माहीत हवं.

[दृश्य: कार्यशाळा. भिंतीवर चिकटवलेलं वर्तमानपत्राचं पान, समोर कॅमेरे धरलेले सभासद.]

आता नोंदी का ठेवायच्या, ते बघा. सराव साधा आहे. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान, तीन मीटरवर सभासद, प्रत्येकाची लेन्स एकाच फोकल लेंग्थवर. शटर १/२५०, १/१२५, १/६०, १/३० आणि १/१५. प्रत्येक वेगाला दहा फ्रेम, म्हणजे माणशी ५०. मग शंभर टक्के मोठं करून बारीक अक्षरं वाचायची आणि दहापैकी किती फ्रेम स्पष्ट आल्या ते मोजायचं. ज्या वेगाला आठच्या खाली आकडा येतो, त्याच्या आधीचा वेग ही त्या हाताची मर्यादा. स्टॅबिलायझर, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, बंद ठेवून एक फेरी, चालू ठेवून दुसरी. फोकल लेंग्थएवढा शटर ठेवा, म्हणजे २०० मिलिमीटरला १/२००, हा जुना नियम सुरुवातीला ठीक, पण दीडपट क्रॉप सेन्सरवर, म्हणजे दृश्य दीडपट जवळ आणणाऱ्या लहान सेन्सरवर, २०० मिलिमीटरला १/३०० धरावं लागतं, आणि हातही सगळ्यांचे सारखे नसतात.

अस्पष्टतेचे प्रकारही इथेच ओळखायचे. सगळी फ्रेम एकाच दिशेला फराटल्यासारखी दिसली, तर कॅमेरा हलला. फक्त विषय फराटला आणि मागची भिंत स्पष्ट राहिली, तर विषय हलला. पुढचं गवत स्पष्ट आणि चेहरा मऊ, तर फोकस चुकला.

सरावाचे हे आकडे नावासकट फळ्यावर लिहू नयेत. कुणाचा हात थरथरतो, ही त्याच्या तब्येतीची माहिती असू शकते. प्रत्येकाचा कागद प्रत्येकाकडे. स्पर्धेतही हीच काळजी लागते. परीक्षकाकडे जाणाऱ्या फाइलच्या नावात फक्त प्रवेश क्रमांक असला, तरी मेटाडेटातल्या लेखकाच्या रकान्यात सभासदाचं नाव राहिलं आणि स्लाइड शो चालवणाऱ्या प्रोग्रामने ते पडद्यावर दाखवलं, तर निनावीपणा संपला.

[दृश्य: टेबलावर सारख्याच रंगाची चार मेमरी कार्डं.]

कार्यशाळेत कार्डांची अदलाबदल होतेच. कॅमेऱ्यातला साधा फॉरमॅट बहुतेक वेळा फक्त फाइलींची अनुक्रमणिका पुसतो. फोटो नवं काही वर लिहिलं जाईपर्यंत तिथेच असतात आणि रिकव्हरी प्रोग्रामने परत येतात. कार्ड दुसऱ्याला देण्याआधी नव्या रेकॉर्डिंगने पूर्ण भरावं. १०० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने व्हिडिओ रेकॉर्ड केला, तर ६४ जीबीचं कार्ड जवळपास दीड तासात भरतं. लेन्सला झाकण लावून ठेवू नका. काळ्या चित्राची फाइल लहान होते आणि कार्ड भरता भरत नाही. फिरता पंखा समोर ठेवा. जुने बरेच कॅमेरे अर्ध्या तासाच्या आत रेकॉर्डिंग थांबवतात, तेव्हा पुन्हा बटण दाबायला कुणीतरी जवळ हवं.

[दृश्य: सभासद यादीचं स्प्रेडशीट, काही रकाने पुसट.]

सभासदांच्या नोंदवहीत नाव, एक संपर्क, वर्गणीची तारीख, तातडीच्या वेळी कळवायचा नंबर. जन्मतारीख नको, सभासद सज्ञान आहे का एवढं पुरे. नसेल, तर पालकांची लेखी संमती. सगळ्यात जोखमीची यादी म्हणजे विम्यासाठी केलेली: कुणाकडे कोणती बॉडी, कोणती लेन्स, सोबत पत्ता. शेजारी सहलीच्या तारखा ठेवल्या, की चोराला आणखी काही विचारायची गरज उरत नाही. ही यादी सभासदाने स्वतःकडेच ठेवावी, क्लबने नाही. आणि रकाना लपवणं म्हणजे काढून टाकणं नव्हे. लपवलेला रकाना दोन क्लिकमध्ये उघडतो. हवे तेवढेच रकाने नव्या फाइलमध्ये उतरवून ती पाठवा.

[दृश्य: क्लबचा कॅमेरा परत येतो. टेबलावर बॅटरी, कार्ड, पट्टा.]

क्लबचा कॅमेरा एकाने परत केला, की मेनूतल्या कॉपीराइटच्या रकान्यात त्याचं नाव राहून जातं. ते बॉडीत साठवलेलं असतं, कार्ड फॉरमॅट करून जात नाही. पुढच्या सभासदाचे महिनाभराचे फोटो मग आधीच्याच्या नावावर निघतात. म्हणून परतीच्या टेबलावर हे काम: नावाचा रकाना रिकामा, जोडलेला फोन काढून टाकलेला, साठवलेलं वायफाय पुसलेलं, घड्याळ आणि टाइमझोन तपासलेला, कार्ड बाहेर. शेवटी एक फ्रेम काढून तिचे तपशील उघडायचे. नावाची जागा रिकामी, स्थानाची जागा रिकामी, शटर १/१२५. मग बॅटरी चार्जरला आणि कॅमेरा कपाटात.