ताप उतरला त्या दिवशी

(दृश्य : खानापूर. पावसाळी सकाळ, दवाखान्याबाहेरचा बाक.)

पावसाळ्यात खानापुरात, निपाणीत, बेळगावात कुणाच्या घरी डेंग्यूचा ताप आला की शेजारीपाजारी पहिलं हेच विचारतात, "पेशी किती आल्या?"

पेशी म्हणजे प्लेटलेट, रक्त गोठायला मदत करणारे रक्तातले बारीक कण. पुष्कळ जण त्यांना पांढऱ्या पेशी म्हणतात. खऱ्या पांढऱ्या पेशी वेगळ्या. डेंग्यूत त्याही घटतात. प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असाव्यात. त्या लाखाच्या खाली उतरल्या की घर हादरतं, कुणी पपईची पानं शोधायला धावतं. रक्तस्राव नसेल, तर १०,००० च्या खाली गेल्याशिवाय त्या सहसा बाहेरून चढवत नाहीत.

या धावपळीत रक्ताच्या त्याच रिपोर्टवरचा दुसरा आकडा वाचायचा राहून जातो. पीसीव्ही. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के, ते तो सांगतो.

(दृश्य : प्रयोगशाळेतली रक्ताची नळी, जवळून.)

विषाणूशी झुंजताना आपलीच प्रतिकारशक्ती जी रसायनं सोडते, त्यांनी बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातला पातळ भाग पोटात, छातीत झिरपतो. उरलेलं रक्त आटलेल्या आमटीसारखं दाट होतं. ४० असलेला पीसीव्ही ४८ झाला, म्हणजे २० टक्क्यांनी वाढला. एवढी वाढ डॉक्टर गंभीर मानतात.

आणि हे बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरताना होतं. घरच्यांना वाटतं, सुटलो. पुढचे २४ ते ४८ तासच जपायचे असतात. पोटात जोरात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, हातपाय गार पडलेत, पोर मलूल झालंय. यातलं एकही दिसलं तर रिपोर्टची वाट बघत बसू नका.

डेंग्यूच्या विषाणूचे प्रकार ४. एकदा होऊन गेला आणि पुढे दुसऱ्या प्रकाराचा झाला, तर पहिल्या वेळी शरीरात तयार झालेली जुनी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) त्या विषाणूला मारू शकत नाहीत. उलट त्याला शरीराच्या पेशींत शिरायला वाट करून देतात. म्हणून आधी कधी डेंग्यू झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

(दृश्य : टेबलावर शेजारी शेजारी दोन रिपोर्ट.)

चंदगडहून बेळगावला पेशंट आणताना गडबडीत गावाकडचा पहिला रिपोर्ट घरीच राहतो. तो पिशवीत आधी टाका. आजचा ४८ कशावरून चढला, हे डॉक्टरांना त्या कागदावरूनच कळतं.