पहाटेची जोड

श्रोतेहो, नमस्कार.

मार्गशीर्ष लागला की रंकाळ्याच्या काठावरची गर्दी विरळ व्हायला लागते. दिवाळीत हौसेनं नवे बूट घेतलेली मंडळी डिसेंबरात दिसेनाशी होतात. गाठ पडल्यावर विचारलं तर उत्तर ठरलेलं, "थंडी लई हाय ओ, मनच होत नाही उठायचं." या मन न होण्याबद्दलच मला आज बोलायचं आहे. इतकी वर्षं थंडीत पळणारी माणसं जवळून बघतो आहे, आणि मला एक गोष्ट पक्की पटली आहे. कुणीतरी कोपऱ्यावर आपली वाट बघत उभं असतं, म्हणून माणूस थंडीत पळायला जातो. मन मागाहून, गल्लीच्या टोकाला येऊन मिळतं.

आपल्या कोल्हापूरला हे नव्यानं सांगायला नको. तालमीत राहणाऱ्या पोराला पहाटे उठताना कुणी विचारत नाही, की बाळा, आज मन आहे का? शेजारचा उठलेला असतो, वस्तादांचा आवाज आलेला असतो, आखाड्यात जोड उभी असते. 1912 साली खासबाग मैदान झालं, तेव्हापासून तिथं ज्यांच्या कुस्त्या लोकांनी डोळे भरून पाहिल्या, ते मल्ल असेच घडले. एकट्याच्या जिद्दीला आपण फार मोठं करतो. तालमीनं ती जिद्द दहाजणांत वाटून घेतली, म्हणून ती टिकली.

अविनाश साबळे यांचंच बघा. बीड जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातला हा मुलगा सैन्यात गेला, सियाचीनच्या बर्फात राहिला, आणि 2015 मध्ये सैन्यातल्या क्रॉस-कंट्री, म्हणजे माळरानातून पळायच्या स्पर्धांतून खऱ्या अर्थानं धावपटू झाला. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीत, 8 मिनिटं 11.20 सेकंदांची वेळ देऊन रौप्यपदक मिळवलं. अंगातली गुणवत्ता त्यांची स्वतःची, यात शंका नाही. पण तिला रोज पहाटे बाहेर काढणारी एक तुकडी होती.

आता थंडीबद्दल. कोल्हापूरची थंडी खरोखर किती? डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान साधारण 14-15 अंश, कधी त्याच्याही खाली. लांब पल्ल्याच्या धावण्याला याच्यासारखं हवामान नाही. पळताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिच्यातला मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. उन्हाळ्यात ही उष्णता घालवायला शरीराला रक्त कातडीकडं वळवावं लागतं, घाम गाळावा लागतो, आणि त्याच वेगाला हृदय जास्त धावतं. थंडीत ते रक्त पायांच्या कामी येतं. एप्रिलमध्ये रंकाळ्याच्या एका फेरीला तुम्हाला दम लागतो, तीच फेरी आत्ता सोपी जाईल. वर्षभराची तयारी व्हायची ती याच दोन-अडीच महिन्यांत. मुंबई मॅरेथॉनसुद्धा जानेवारीतच असते.

मग अडतं कुठं? माझ्या मते अंधारात. 22 डिसेंबरनंतर दिवस मोठा व्हायला लागतो, हे आपण शाळेत शिकलो. पण सुरुवातीला तो संध्याकाळच्या बाजूनं वाढतो. सकाळचा सूर्य जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच उगवत राहतो, आपल्याकडं सात वाजून गेल्यावर. जूनमध्ये सहाच्या सुमाराला उजाडतं. म्हणजे उन्हाळ्यात लावलेला साडेपाचचा गजर आता आपल्याला मध्यरात्रीच उठवतो, आणि आपण मात्र आळशी झालो म्हणून स्वतःला बोल लावतो. गजर तासभर पुढं सरकवा. नोकरी-धंद्यामुळं सकाळी जमत नसेल तर संध्याकाळी पळा. ज्या घरात पाणी भरणं, डबे, मुलांची शाळा सगळं एकाच बाईच्या अंगावर असतं, तिला तर मी आवर्जून सांगेन, की पहाटेचा हट्ट सोडा. या दिवसांत सकाळी नऊचं ऊनही कोवळं असतं. आणि घरातल्या इतरांनी तेवढ्या वेळात एक डबा भरायला हरकत नाही.

पळायचे कपडे रात्रीच कपाटातून काढून ठेवा, बूट दाराशी ठेवा. उठल्यावर घरातच पाच-सात सूर्यनमस्कार घाला. झोपेतून उठताना अंग सगळ्यात गार असतं, स्नायू आखडलेले असतात. तसंच बाहेर पडून वेग घेतला की पोटरी नाहीतर मांडी धरते. दारातून निघताना थोडी हुडहुडी भरली पाहिजे. निघतानाच अंग उबदार असेल, तर दहा मिनिटांत स्वेटर कमरेला बांधायची वेळ येते. कान झाका, आणि वर एक पातळ थर असा घाला की सहज काढता येईल. तहान लागत नाही म्हणून पाणी विसरू नका, घाम थंडीतही जातोच.

गावाकडच्या श्रोत्यांना एक कळकळीची विनंती. हा गळिताचा हंगाम आहे. पहाटे धुक्यातून उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत येतात, बैलगाड्या असतात, आणि सगळ्यांच्या मागं दिवा असतोच असं नाही. पंचगंगेच्या काठच्या रस्त्यांवर तर समोरचं माणूस दिसत नाही. रस्त्याच्या उजव्या बाजूनं, समोरून येणारं वाहन दिसेल असं पळा. पांढरे किंवा भडक कपडे घाला, कानात गाणी नकोत. शक्य असेल तर शाळेचं मैदान गाठा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी या रस्त्यांवर रोज दिसतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. त्यांचा जीव त्या काही मिनिटांवर लागलेला असतो. एक जण शिट्टी मारतो, चौघं घराबाहेर येतात. त्यांच्याकडं बघितलं की मला जे सांगायचं आहे ते सगळं तिथं दिसतं.

दमा असलेल्यांना गार, कोरडी हवा त्रास देते, त्यात कुठं उसाचं पाचट पेटवलेलं असलं तर आणखीच. त्यांनी ऊन वर आल्यावरच निघावं आणि पंप खिशात ठेवावा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. हृदयाचा त्रास असेल किंवा साठी ओलांडली असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. पळायलाच हवं असंही नाही, झपझप चालणंही उत्तम.

तर मग जोड शोधायची कशी? फार लांब जाऊ नका. गल्लीतला, शेजारच्या अपार्टमेंटमधला, ऑफिसातला कुणीही चालेल. वेग सारखा असावा, एवढंच बघा. फार पुढं पळणारा सोबती चार दिवसांत नकोसा होतो. दोघांपेक्षा तिघं बरे, एखादा गावाला गेला तरी मोडता येत नाही. भेटायची जागा घरापासून जवळ ठरवा, विद्यापीठाच्या आवारात पळायचं असलं तरी भेटायचं आपल्या चौकात. आणि "जमलं तर येतो" असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. यायचं नसेल तर आदल्या रात्री कळवायचं, म्हणजे पहाटे अंथरुणात पडून निर्णय घ्यायची वेळच येत नाही. पहिला आठवडा वेग, अंतर काही मोजू नका. बोलत बोलत पळता येईल इतकंच पळा.

परत आल्यावर घामट बनियन आधी बदला, मग गप्पा मारा. मग गरम दूध घ्या, नाहीतर बाजरीची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा. आज रात्री पळायचे कपडे काढून ठेवायच्या आधी एक फोन लावा. शेजाऱ्याला, बहिणीला, जुन्या शाळासोबत्याला, कुणालाही. उद्या किती वाजता आणि कुठल्या चौकात, एवढंच ठरवा.

नमस्कार.