चौदा गेली, चौदा आली: नाताळच्या कार्यक्रमात पडद्यामागे थांबणाऱ्या पालकांसाठी

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर लागला की चर्चच्या कंपाउंडमध्ये रोज संध्याकाळी एकच गाणं वीस-वीस वेळा कानावर पडतं. संडे स्कूलच्या मुलांचे नाच बसायला लागलेले असतात. नगर, पुणे, सोलापूर, जालना, मुंबई, जिथे जिथे मराठी मंडळी, म्हणजे चर्चची सभा, आहे तिथे नाताळच्या आधीच्या रविवारी नाहीतर नाताळच्या संध्याकाळी हा कार्यक्रम होतोच. नाच बसवणाऱ्या ताईंचं कौतुक होतं, ते व्हायलाच हवं. आजचं बोलणं मात्र त्या आईबाबांसाठी आहे, ज्यांना आठ दिवस आधी कुणीतरी विचारतं, "तुम्ही मागे थांबाल ना?" आणि जे हो म्हणतात.

हो म्हणताना एक गोष्ट मनाशी पक्की करा. तुमचं मूल स्टेजवर असेल तेव्हा तुम्हाला त्याचा नाच बघायला मिळणार नाही. तेव्हा तुम्ही पुढच्या गटाला पायऱ्यांपाशी उभं करत असाल. व्हिडिओचं काम मावशीकडे, काकांकडे आधीच सोपवून टाका. आपलं लेकरू बघायला जो पालक दोन मिनिटं विंगेत पुढे सरकतो, त्याच्या मागची सहा मुलं तेवढ्यात पांगतात. कार्यक्रमातली निम्मी गडबड तिथून सुरू होते.

आपल्या कार्यक्रमात काम जरा जास्तच असतं, आणि त्याला कारण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी मराठी ख्रिस्ती भक्तीला अभंगाचा, भजनाचा सूर दिला. त्यामुळे आपल्याकडे एकाच संध्याकाळी पांढऱ्या सॅटीनच्या झग्यातले देवदूतही असतात आणि नऊवारी नेसून लेझीम खेळणाऱ्या मुलीही. बायबलमधल्या निर्गमाच्या पंधराव्या अध्यायात मिर्याम डफ घेऊन नाचते, त्या प्रसंगावर नाच बसवला असेल तर खंजिऱ्याही आल्या. देवदूतांचे पंख जाळीचे असतात आणि लेझमीची साखळी त्या जाळीत अशी अडकते की सोडवताना पंख फाटतोच. म्हणून लेझीम एका कोपऱ्यात आणि पंख दुसऱ्या कोपऱ्यात, भिंतीला खिळ्यावर टांगलेले. खंजिऱ्या टोपलीत जुन्या टॉवेलवर ठेवा आणि मूल स्टेजची पायरी चढताना त्याच्या हातात द्या. आधी दिल्या तर पाळकांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची, प्रार्थना चालू असताना मागे खुळखुळाट ऐकू येतो.

पंखांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. बाजारात मिळणाऱ्या पंखांना बारीक, दोऱ्यासारखं इलास्टिक असतं. ते खांद्यात रुततं आणि हात वर नेला की तुटतं. ते काढून टाका, बोटभर रुंदीचं इलास्टिक घ्या आणि पाठीवर फुलीसारखं आडवं-तिरपं शिवा, म्हणजे पंख एका बाजूला कलत नाहीत. पंखाच्या कडेची तार जिथे संपते ते टोक चिमट्याने आत वळवायचं आणि त्यावर कापडी चिकटपट्टीचे तीन वेढे द्यायचे. हे टोक बरोबर शेजारच्या मुलाच्या डोळ्याच्या उंचीला येतं. प्रत्येक पंखावरून एकदा स्वतःचा तळहात फिरवून बघा. टोचलं तर ते काम राहिलंय.

देवदूतांच्या हातात मेणबत्ती हवी असा आग्रह दरवर्षी कुठेतरी होतो. खरी मेणबत्ती देऊ नका. सॅटीन, नायलॉनची जाळी, चमकीची माळ या सगळ्या वस्तू क्षणात पेटतात आणि नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. सेलवरच्या मेणबत्त्या छान दिसतात, पण त्यातही एक धोका आहे. त्यात बटणासारखा चपटा सेल असतो. तो लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतसुद्धा आत भाजू शकतं. म्हणून ज्याचं झाकण स्क्रूने बसतं तीच मेणबत्ती घ्या, वर चिकटपट्टी लावा आणि कार्यक्रमानंतर मोजून परत घ्या. एक जरी कमी आली तरी शोधल्याशिवाय घरी जायचं नाही. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं.

आता मुलांच्या संख्येकडे येऊ. तीन ते पाच वर्षांच्या पाच मुलांमागे एक मोठं माणूस लागतं, आठ-दहा वर्षांच्या दहा मुलांमागे एक पुरतं. कपडे बदलायच्या खोलीत नेहमी दोन मोठी माणसं हवीत, मुलींच्या खोलीत बायकाच. तिथे मोबाईल बाहेर काढायचा नाही, फोटो तर मुळीच नाही. बाथरूमला एका वेळी दोन मुलं आणि सोबत एक ताई, आणि बाहेरचं दार उघडं. हे नियम मंडळीतल्या सगळ्यांना सारखेच, पाळकांच्या घरच्यांनासुद्धा.

बाथरूमची वेळ कपडे घालण्याच्या आधीची. नऊवारी शिवलेली असली तरी ती उतरवून पुन्हा चढवायला पाच-सात मिनिटं जातात. नाडीला निरगाठ मारू नका, सुरगाठ मारा आणि टोकं आत खोचा. निरगाठ सुटत नाही, मूल रडकुंडीला येतं आणि शेवटी कात्री आणावी लागते. नाडी सैल वाटली तर कमरेशी दोन टाके घाला. पांढऱ्या, काळ्या, लाल आणि सोनेरी दोऱ्याच्या सुया आधीच ओवून जाड पुठ्ठ्याला टोचून ठेवा. मंद उजेडात घाईने सुई ओवता येत नाही. सेफ्टी पिना दोन आकारांच्या, मिळून शंभरेक लागतात. पिन अंगाला समांतर, आडवी लावायची, आणि काखेत, गुडघ्यापाशी, जिथे कापड ताणलं जातं तिथे लावायचीच नाही. तिथे टाकाच.

एकाच मुलीचे दोन नाच असतील, आधी देवदूत आणि मग लेझीम, तर आतून नऊवारी नेसवा आणि वरून झगा घाला. झग्याला पाठीमागे वेल्क्रो असेल तर तो अर्ध्या मिनिटात निघतो. तरीही दोन नाचांच्या मध्ये एखादं गाणं किंवा नाटिका ठेवायला ताईंना सांगा, कारण केसांतली चमकीची माळ निघत नाही ती नाहीच.

रंगभूषा कमीत कमी ठेवा. काजळाची एकच कांडी सगळ्यांना फिरवू नका, एकाचे डोळे आलेले असले की आठवड्यात सगळ्या वर्गाचे येतात. लिपस्टिकसाठी प्रत्येक मुलाला वेगळा इअरबड. हातापायांना लाल आलता लावायचा असेल तर घरूनच लावून यावं, ओल्या आलत्याचा डाग सॅटीनवरून जात नाही. हे भरतनाट्यमच्या अंगाने बसवलेल्या नाचात जास्त महत्त्वाचं. नर्तक फ्रान्सिस बार्बोझा यांनी ख्रिस्ती विषयांसाठी भरतनाट्यममध्ये नव्या हस्तमुद्रा रचल्या. तसा नाच असेल तर बोटं शेवटच्या रांगेपर्यंत दिसायला हवीत, झग्याची बाही मनगटाच्या वर टाचा. आणि टिकली. नऊवारीवर टिकली लावायची की नाही, यावर आपल्या घराघरांत वेगळी मतं आहेत. आठवडाभर आधी आईवडिलांना आणि पाळकांना विचारा. ऐनवेळी कुणाच्या कपाळावर लावून मग पुसायला लावणं मुलाच्या मनाला लागतं.

डिसेंबरच्या रात्री नगर-पुण्याकडे थंडी बोचते आणि मंडप उघडा असतो. स्वेटर, शाल शेवटपर्यंत अंगावर राहू द्या. कार्यक्रमपत्रिकेवर संदेश, म्हणजे प्रवचन, दहा मिनिटांचा असतो, पाहुण्यांचा सत्कार पाच मिनिटांचा. दोन्ही लांबतात, आणि ते लांबणारच हे धरून चाला. पातळ झग्यात कुडकुडलेलं मूल स्टेजवर गेलं की हात वर उचलत नाही. निवेदकाने आपल्या आधीच्या नाचाचं नाव पुकारलं की मगच स्वेटर काढायचे. मोजे घालून नाचू देऊ नका, कार्पेटवरही पाय घसरतो. अनवाणीच, पण त्याआधी फळ्यांच्या फटी, कार्पेटच्या कडा, वर आलेले खिळे आणि साउंडच्या वायरी बघून घ्या.

खायला केळं आणि साधी बिस्किटं. तिखट वेफर, चिवडा नको, केशरी बोटं पांढऱ्या झग्यालाच पुसली जातात. पाणी घोट-घोट. केक सगळं झाल्यावर.

कार्यक्रमाचा क्रम ठळक अक्षरांत लिहून तीन ठिकाणी चिकटवा: बसायच्या खोलीत, पायऱ्यांपाशी आणि साउंडवाल्या दादांच्या टेबलावर. एक नाच तीन-चार मिनिटांचा. आपला नंबर तीन नाचांवर आला की खोलीतून उठायचं, दोनवर आला की पायऱ्यांपाशी, एकवर आला की विंगेत. गाणी दोन पेनड्राइव्हवर ठेवा आणि फाइलच्या नावाआधी ०१, ०२ असे क्रमांक द्या. फोनवरून गाणं लावायची वेळ आलीच तर तो एअरप्लेन मोडवर टाका. नाहीतर गव्हाणीपाशी मेंढपाळ गुडघे टेकतात आणि स्पीकरवर रिंगटोन वाजते.

एखादं मूल ऐनवेळी घाबरतं. त्याला ढकलू नका, सगळ्यांसमोर समजावतही बसू नका. विंगेत, जिथून त्याला बाकीची मुलं दिसतील तिथे हात धरून उभं राहा. पुष्कळदा दुसऱ्या कडव्याला ते आपणहून जातं. नाही गेलं तर नाही. कोरड्या थंडीत नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकायची नाही. मुलाला बसवून पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं न सोडता धरा, तोंडाने श्वास घ्यायला सांगा.

सगळ्यांत जास्त विसरली जाणारी जागा म्हणजे उतरायची बाजू. मुलं डावीकडून चढतात, उजवीकडून उतरतात, आणि सगळे स्वयंसेवक डावीकडेच उभे असतात. उतरणाऱ्या मुलांना समोर अंधार दिसतो, कारण डोळे हॅलोजनने दिपलेले असतात, आणि टाळ्यांच्या नादात ती उडी मारतात. तिथे दोन जण हवेत. एक हात द्यायला, दुसरा मोजायला. चढवणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, "चौदा गेली." उतरवणाऱ्याने म्हणायचं, "चौदा आली." तेरा आली तर पुढचं सगळं थांबवून चौदावं कुठे आहे ते आधी बघायचं.

मूल घरच्यांच्या हवाली करताना ओळखीवर जाऊ नका. नाताळला पाहुणे गावोगावहून आलेले असतात, न्यायला कधी आजोबा येतात, कधी मामा. संध्याकाळी मूल सोडतानाच एक चिठ्ठी आईच्या हातात आणि त्याच नंबरची चिठ्ठी मुलाच्या झग्याला आतून लावलेली. दोन्ही जुळल्या की मूल द्यायचं. चिठ्ठी हरवली असेल तर आईला बोलवायचं, आजोबा कितीही जुने सभासद असले तरी.

मंडप रिकामा झाला की भाड्याचे ड्रेस पावतीप्रमाणे मोजा, कमरपट्टे वेगळे मोजा, तेच कमी भरतात. मग सतरंज्या झटकून घ्या आणि दोरीला बांधलेलं लोहचुंबक खोलीभर फिरवा. दुसऱ्या दिवशी त्याच सतरंज्यांवर बालवर्ग प्रार्थनेला गुडघे टेकतो, आणि चुंबकाला आठ-दहा पिना तरी चिकटतातच.