जमिनीची गोधडी

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

आज एका दोरीबद्दल बोलायचं आहे. साधी दोरी, दोन टोकांना दोन खुंट्या, आणि मध्ये दर ६० सेंटिमीटरवर बाटलीचं एकेक पत्र्याचं बूच चेपून बसवलेलं. दोरी शेतात ताणायची, प्रत्येक बुचाशी कुदळीनं एक खड्डा घ्यायचा. ओळ संपली की दोरी ७५ सेंटिमीटर पुढे सरकवायची. आफ्रिकेतल्या झिंबाब्वेमध्ये कितीतरी शेतकरी मका असा लावतात. त्यांच्या हातात ही दोरी सुरुवातीला दिली ती चर्चच्या माणसांनी.

ब्रायन ओल्ड्रीव्ह नावाचे शेतकरी आहेत तिथले. पूर्वी तंबाखू करायचे. येशू ख्रिस्तावर श्रद्धा बसल्यावर तंबाखू पिकवणं मनाला पटेना, म्हणून सोडून दिलं. त्यापायी स्वतःची शेतीही गेली. पुढे हिंटन इस्टेट नावाच्या मोठ्या शेतीवर ते व्यवस्थापक झाले. तिथंही तोटाच होता. दर पावसात माती वाहून जायची, नांगरट करकरून जमीन दमलेली. ओल्ड्रीव्ह प्रार्थना करत आणि रानात जाऊन बघत बसत. रानात कुणी नांगर घालत नाही. पान गळतं ते जागीच राहतं. तरी झाडाखालची माती हातात घेतली तर भुसभुशीत, ओलसर. मग शेतात आपण हे दोन्ही उलटं का करतो? १९८४ साली त्यांनी २ हेक्टरवर नांगर न घालता, काडीकचरा न जाळता मका लावला. पीक चांगलं आलं. काही वर्षांत हीच पद्धत १,००० हेक्टरवर गेली.

पण शेजारच्या वस्तीवरचा माणूस उपाशीच होता. आपल्याला कळलेलं त्याला शिकवलं पाहिजे, हे ओल्ड्रीव्ह यांना लागून राहिलं. तिथून हे शिक्षण चर्चच्या मंडळ्यांमधून, म्हणजे उपासनेला जमणाऱ्या लोकांमधून, गावोगाव निघालं. 'फार्मिंग गॉड्स वे', म्हणजे देवाच्या रीतीची शेती, या नावानं ते आफ्रिकेच्या इतर देशांतही पोचलं.

शिकवणं अगदी सोपं ठेवलेलं. वेळेवर करा, नेटकं करा, वाया घालवू नका, आनंदानं करा. उन्हाळ्यातच खड्डे घेऊन ठेवायचे, म्हणजे पहिल्या चांगल्या पावसाला पेरणी साधते. खड्ड्यात मापानं शेणखत. माप म्हणजे घरातला रिकामा डबा. रासायनिक खत घालायचं तर बाटलीच्या बुचानं मोजून. तीन दाणे टोकायचे, उगवल्यावर दोन रोपं ठेवायची. पुढच्या वर्षी खड्डा त्याच जागी, म्हणजे जुनं खत वाया जात नाही. आणि सगळ्या जमिनीवर काडीकचऱ्याचा थर. त्याला ते देवाचं पांघरूण म्हणतात. मी त्याला गोधडी म्हणतो.

यातलाच एक हिशेब झिंबाब्वेत पुढे फार पसरला. तिथल्या शोना भाषेत त्याचं नाव 'फुम्वुद्झा', म्हणजे नवी पालवी फुटायचा काळ, आपली चैत्रपालवीच म्हणा. १६ मीटर रुंद आणि ३९ मीटर लांब तुकडा, म्हणजे आपले सहा गुंठे. त्यात ५२ ओळी. एका ओळीत २८ खड्डे, खड्ड्यात मक्याची दोन ताटं, ताटाला एक कणीस धरलं तर ओळीला ५६ कणसं. वर्षाचे आठवडे ५२. एक ओळ म्हणजे घराचं एका आठवड्याचं धान्य. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही हा हिशेब बांधावर उभ्या उभ्या समजतो, आणि मला त्याचं फार मोल वाटतं. २०२० साली तिथल्या सरकारनंही ही पद्धत देशभर घेतली.

आता दुसरी बाजूही सांगतो. तिथल्याच लोकांनी या शेतीला 'डिगा उफे' असं नाव ठेवलं, म्हणजे खण आणि मर. कडक उन्हात सहा गुंठ्यांत जवळजवळ दीड हजार खड्डे घ्यायचे म्हणजे कंबर मोडते. नांगरट नाही म्हणून पहिली एक-दोन वर्षं तण जास्त, आणि ती खुरपणी बहुतेक बायांच्या अंगावर येते. शिवाय सुगी झाली की मोकळी गुरं शेतात शिरून गोधडी खाऊन टाकतात.

मी नेवासे तालुक्यातला. आमच्या चर्चच्या मंडळीत पाळकसाहेबांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, हे सांगितलं, तेव्हा पहिला हात मी वर केला. आणि पहिली चूकही मीच केली. आमच्या भारी काळ्या रानात खड्डे घेतले. जुलैत तीन दिवस झड लागली, खड्ड्यांत पाणी साचलं आणि मका पिवळा पडला. आई बांधावर उभी होती. म्हणाली, "बापू, तिकडची माती निराळी. ही आपली पाणी धरून बसती." मला आधी ओल्ड्रीव्हांच्या वहीकडे न बघता आईकडे बघायला हवं होतं. पुढच्या साली खड्डे माळावरच्या मुरमाड तुकड्यात घेतले. तिथं पाणी मुरलं आणि पीक उभं राहिलं. भारी जमिनीत खड्डे नकोत. तिथं गादीवाफे करून नांगरट टाळता येते. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं भातलावणीचं सगुणा राईस तंत्र असंच आहे. वाफा मोडायचा नाही, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच ठेवायची.

आईचा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. "जमिनीला गोधडी घालशील, मग गुरांना काय घालशील?" खरंच आहे. कडबा आपल्याकडे सोन्याच्या भावाचा. तो जमिनीवर पसरा असं मी कुणाला सांगणार नाही. पण उसाचं पाचट आपण जाळतो. सोयाबीनचं भुसकट, तुरीचा पाला, बी धरण्याआधी उपटलेलं तण, बांधावरचा पालापाचोळा यांची गोधडी होते. गेल्या ऑगस्टमध्ये पंधरा-वीस दिवस उघडीप होती. शेजारच्या रानात भेगा पडल्या. मी पाचट बाजूला करून बोट खुपसलं, तर दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली. खाली गांडुळाच्या विष्ठेचे बारीक गोळे होते. ते आईला दाखवायला मी ओंजळीत घरी नेले.

हे चर्चमधून का पसरतं, असं मला विचारतात. शिबिराचा पाहुणा एकदा येतो आणि जातो. मंडळी दर रविवारी भेटते. उगवण विरळ झाली, अळी पडली, खत संपलं, तर उपासनेनंतर झाडाखाली बसून बोलता येतं. सांगणाऱ्याचं शेत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. त्याचं पीक बसलं तर लपत नाही. हंगामाच्या उपकारस्तुतीला, म्हणजे पिकासाठी देवाचे आभार मानायच्या उपासनेला, जो आपली कणसं घेऊन येतो, त्याला चार माणसं विचारतातच. बायबलमध्ये प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलंय की मी लावलं, अपुल्लोसानं पाणी घातलं, पण वाढवलं ते देवानं. शिकवणाऱ्यानं हे ध्यानात ठेवलं म्हणजे तोरा राहत नाही.

आणि एक गोष्ट मी मंडळीत पहिल्याच दिवशी बोललो होतो. दोरी मागायला येणाऱ्याला त्याचा धर्म विचारायचा नाही, चर्चला येशील का असंही म्हणायचं नाही. ज्या दिवशी ज्ञानाला अट लागली, त्या दिवशी ते दान राहिलं नाही. आमच्या गावात मंडळीबाहेर ही दोरी सगळ्यात आधी नेली ती पंढरीची वारी करणाऱ्या एका म्हाताऱ्या आजोबांनी. त्यांच्या ओळी आमच्यापेक्षा सरळ आल्या.

सध्या ऊस तुटून गेलाय, पाचट शेतात पडलंय. काडी ओढण्याआधी दोन भारे बाजूला काढून ठेवा. एकच गुंठा हलकी जमीन निवडा, सहा नको. घरच्या दोरीला टिचभर चिंधीच्या गाठी मारल्या तरी चालतं, बुचं पाहिजेतच असं नाही. खड्डा वीतभर खोल घ्या आणि काढलेली माती उताराच्या बाजूला ठेवा, म्हणजे पाणी अडेल. शेणखत कुजलेलंच घाला. कच्चं घातलं तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. शेजारीच तुमच्या नेहमीच्या पद्धतीचा एक गुंठा ठेवा, आणि ऑगस्टच्या उघडिपीत दोन्हीकडे बोट खुपसून बघा.

नमस्कार.