पहिल्या गुरुवारच्या आधी

(दृश्य: संध्याकाळ. समोरच्या इमारतीच्या खिडक्या. बहुतेक खिडक्यांत टीव्हीचा हलता उजेड. आतून कुकरची शिट्टी.)

सोमवार. साडेआठला दोन मिनिटं कमी. आज नवी मालिका सुरू होतेय. महिनाभर तिचा प्रोमो इतक्या वेळा लागलाय की नायिकेचं नाव, तिची होणारी सासू, मांडवातला गोंधळ, सगळं घरादाराला पाठ आहे. तरी आईनं पोळ्या लवकर आटपल्यात. नव्या मालिकेचा पहिला भाग ती चुकवत नाही. दुसरा बघेलच असं मात्र नाही.

आईची परीक्षा घ्यायची पद्धत ठरलेली आहे. ती नायिकेकडे बघत नाही, नायिकेच्या ओट्याकडे बघते. "फोडणी घालते म्हणे! कढईच्या बाजूला तेलाचा एक ठिपका नाही." झालं. पहिल्या ब्रेकच्या आत निकाल.

मीसुद्धा पहिले भाग आवर्जून बघते. माझं कारण जरा वेगळं आहे.

(दृश्य: सेट. क्लॅप. मेकअपच्या खोलीत संवादाचे कागद.)

टीव्ही कोण किती बघतं हे मोजणारी आपल्याकडची संस्था म्हणजे बार्क. निवडक घरांत मीटर बसवलेले असतात. शनिवार ते शुक्रवार असा त्यांचा आठवडा, आणि त्याचे आकडे येतात पुढच्या गुरुवारी. आता हिशोब करा. सोमवारी सुरू झालेल्या मालिकेला आपला पहिला टीआरपी कळतो तो दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी, म्हणजे अकराव्या दिवशी. तोवर जे दिसतं, ते आधीच चित्रित करून ठेवलेलं असतं. सेटवर त्याला 'बँक' म्हणतात. पाच-दहा भागांची बँक हातात असली की सगळ्यांना रात्री झोप लागते. ती संपत जाते, आणि मग काल चित्रित केलेलं आज दाखवायची वेळ येते.

म्हणून हे पहिले काही भाग मला मोलाचे वाटतात. लेखकाला काय सांगायचं होतं, ते तिथे अजून शाबूत असतं. गुरुवारनंतर गोष्टीत आणखी एक लेखक येतो. तो आकड्यांत बोलतो.

जाहिराती वजा केल्या तर अर्ध्या तासातली बावीस-तेवीस मिनिटं उरतात. पहिल्या भागात तेवढ्यात एक घर उभं राहतं, आठ-दहा माणसं ओळखीची होतात, जुनं एखादं दुखणं कळतं, आणि शेवटी कुणीतरी दारात येऊन उभं राहतं. सहा महिन्यांनी याच बावीस मिनिटांत एक बाई फक्त मागे वळून बघते. तीन वेळा. तीन कोनांतून.

(दृश्य: कोकण. लाल माती, चिरेबंदी घर, माडांच्या सावल्या.)

मला आजवर सगळ्यात पक्की वाटलेली सुरुवात विचाराल, तर २२ फेब्रुवारी २०१६. 'रात्रीस खेळ चाले'. वेळ रात्री साडेदहाची. म्हणजे जेवणं उरकलेली, मुलं झोपलेली. गोष्ट सुरू होते ती घरातल्या कर्त्या माणसाच्या मरणानं. अण्णा नाईक गेले, आणि माणसं वाड्यात गोळा झाली. मालिका सुरू करायची ती लग्नानं किंवा पूजेनं, हा इथला रिवाज. इथे मात्र सुतक.

पण खरी करामत भाषेची होती. घरातली माणसं मालवणीत बोलत होती आणि मुंबईहून आलेला मुलगा-सून प्रमाण मराठीत. कोण गावात राहिलं, कोण सोडून गेलं, हे कुणी समजावून सांगितलं नाही. कानांना कळलं. मालिकेत पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर लेखनातही होते, हे कळल्यावर त्या बोलीला मिठाची चव कुठून आली याचा उलगडा झाला. आई तेव्हा ओटा बघायचं विसरली. म्हणाली, "ह्या घरात ओल आहे." सिंधुदुर्गातल्या आकेरीच्या वाड्यात चित्रीकरण झालं होतं. पुढे लोक तो वाडा बघायला गाड्या करून जाऊ लागले.

याच गोष्टीचं दुसरं पर्व आलं जानेवारी २०१९ मध्ये, आणि ते काळात मागे गेलं. मेलेले अण्णा जिवंत, माधव अभ्यंकरांच्या रूपात समोर झोपाळ्यावर. शेवट सगळ्यांना आधीच ठाऊक. म्हणजे 'पुढे काय' हा मालिकेचा हुकमी पत्ता पहिल्याच दिवशी टाकून दिलेला. तरी लोक बसले, कारण हा माणूस मरायच्या लायकीचा कसा झाला, हे त्यांना बघायचं होतं.

(दृश्य: कोल्हापूर. तालमीतली लाल माती, पहाट.)

'रात्रीस खेळ चाले' आली त्याच वर्षी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, 'तुझ्यात जीव रंगला' सुरू झाली. पैलवान राणा आणि शिक्षिका अंजली. सुरुवातीला तालीम होती, गोठा होता, वाडा होता. 'चालतंय की' हे दोन शब्द कोल्हापूरच्या बाहेर पोचले ते तेव्हा. नव्या मालिकेच्या पहिल्या भागांत असं उघड्यावरचं चित्रीकरण भरपूर असतं. नदी, घाट, ड्रोननं टिपलेलं शेत. मग हळूहळू नदी दिसेनाशी होते, गाव दिवाणखान्यात येतं आणि दिवाणखान्यातच भांडत राहतं. बाहेर जाणं खर्चाचं असतं, आणि रोज एक भाग द्यायचा तर वेळही नसतो. हे कळतं, तरी पहिल्या आठवड्यातली नदी आठवत राहते.

शब्द दिला आणि पाळला, असंही घडलंय. जानेवारी २०१२ मध्ये आलेली 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'. घना आणि राधा, घरच्यांचा तगादा थांबवायला लग्न करायचं आणि नंतर वेगळं व्हायचं असं ठरवलेली दोघं. सतीश राजवाडे यांनी ती त्याच वर्षात संपवलीही. गोष्ट संपली म्हणून मालिका संपली, हे कारण आपल्याकडे दुर्मीळ. पुढच्या वर्षी 'होणार सून मी ह्या घरची' आली. जान्हवी ही एक साधी बँकेतली मुलगी आणि सहा सासवा. सुरुवात इतकी गोड की आईनं शेजारच्या काकूंना हाक मारून बसवलं होतं. पुढे जान्हवीचं गरोदरपण एवढं लांबलं की महाराष्ट्रभर विनोद फिरले. काकू मात्र शेवटपर्यंत बसल्या. त्यांचं म्हणणं, "आता मधेच उठून कसं चालेल? बाळ तरी बघू दे."

(दृश्य: जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. गच्चीवरचा अँटेना.)

आकड्यांचा धाक नव्हता, असाही काळ होता. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढे चि. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर आले. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. दुसरं चॅनेलच नव्हतं, मग पहिला भाग आवडो न आवडो, दुसरा बघितलाच जायचा. तेव्हाचं सगळं चांगलंच होतं असं मी म्हणणार नाही. रिमोट हातात नसताना केलेलं कौतुक जरा जपूनच धरावं. १९९९ मध्ये अल्फा मराठीवर 'आभाळमाया' आली तेव्हा अशोक पत्कींची चाल आणि देवकी पंडितांचा आवाज ऐकून माणसं आधी शीर्षकगीतासाठी थांबली. हल्ली शीर्षकगीत काही सेकंदांत उरकतं.

(दृश्य: दोन पडदे शेजारी शेजारी. एकावर तमिळ, एकावर मराठी मालिका. दोन्हींत मंगळसूत्र.)

आता माझ्या सिद्धान्ताला पडलेलं भोक. 'आई कुठे काय करते' डिसेंबर २०१९ मध्ये आली, ती बंगालीतल्या 'श्रीमोयी'वरून. 'ठरलं तर मग' डिसेंबर २०२२ मध्ये आली, ती तमिळ 'रोजा'वरून. म्हणजे पहिला गुरुवार कोलकात्यात नि चेन्नईत आधीच होऊन गेलाय. आकडा बघून बेतलेला पहिला भाग. तिथे लेखकाचं मन शोधायचं कुठे?

शोधते मी. 'आई कुठे काय करते'ची नायिका अरुंधती, तिच्या बोलण्यात सापडलं थोडं. गोष्ट बाहेरून आली असेल, पण तिचं काम करणारी मधुराणी प्रभुलकर 'अहो' म्हणताना जो अर्धा क्षण थांबायची, तो बंगालीतून आलेला नव्हता. 'ठरलं तर मग' तर आईनं पहिल्या दिवशीच नापास केली होती. पुढे ती लागली की आमच्याकडे फोन केला तर उचलायचं नाही कुणी.

(दृश्य: साडेआठ. नव्या मालिकेचं नाव पडद्यावर. आईची पाठ.)

सुरू झाली. वाडा आहे, तुळस आहे, ड्रोन आहे. नायिका पायऱ्यांवरून धावत येतेय, हातात ताट, आणि ते कुणाच्या अंगावर सांडणार हे आम्हा दोघींना माहीत आहे. सांडलं. ब्रेक.

"काय गं?" मी विचारते.

आई चष्मा पुसते. "मुलगी वाईट नाही. मागे ती म्हातारी बघितलीस का? कोपऱ्यात लसूण सोलत होती. खरंच सोलत होती. नखात सालं अडकली होती तिच्या."

मग रिमोट उचलून स्वतःच्या मांडीखाली ठेवते.